अमरावतीचा हुतूतू बर्लिनच्या मैदानावर

1936च्या बर्लिन ऑलिम्पिकचा विषय निघाला की आपण ध्यानचंदांवर येतो आणि हॉकीच्या अंतिम सामन्यात जर्मनीवर चढवलेल्या आठ गोलांवर थांबतो. पण त्याच ऑलिम्पिकच्या निमित्तानं, वंशश्रेष्ठतेची टिमकी वाजवणाऱ्या त्या राजधानीत हुतूतूचा दमही घुमला होता. तो घुमवणारी मंडळी अमरावतीच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची! सोबत मल्लखांबही होता.

मंडळाची स्थापना 1914 सालची, अनंत आणि अंबादासपंत या वैद्य बंधूंनी केलेली. त्याच काळात तिकडे इंग्लंडला हौशी, अष्टपैलू खेळाडूंचं कोण कौतुक! मॅक्स वूस्नमचंच पाहा. 1920 मध्ये टेनिस दुहेरीचं ऑलिम्पिक सुवर्ण, पुढच्या वर्षी विम्बल्डनची दुहेरी, 1922 मध्ये इंग्लंडच्या फुटबॉल संघाचं कर्णधारपद. मँचेस्टर सिटीकडूनही तो खेळला तो हौशी म्हणूनच. असा गडी घडायला केंब्रिजची हिरवळ लागली. वऱ्हाडात लाकडाचा एक खांब पुरला.

मल्लखांब हा मुळात पैलवानाचा मुका जोडीदार. खाली जाड अंग, वर निमुळती मान, टोकाला बोंड. त्यावर एरंडेल चोळतात. कोरड्या लाकडावर कातडी सोलून निघेल आणि तेल जास्त झालं तर गडी थेट खाली. या दोहोंमधल्या जेमतेम घर्षणावर सारा खेळ चालतो. साधी अढी घालायची तरी हात खांबाला, पाय डोक्यावरून वर आणि खांब मांड्यांच्या कैचीत! डोकं खाली असताना हात सोडायचा धीर पहिल्यांदा कसा होत असेल, हे मला अजून कोडंच आहे. कुस्तीची पकड, कसरतीचा तोल आणि निर्भयपणा एकाच सरावात अंगी येतो.

हुतूतूची गंमत श्वासात. धावताना स्नायू कार्बन डायऑक्साइड तयार करतात. तो रक्तात साचला की मेंदू श्वासासाठी हाका मारू लागतो. चढाई करणाऱ्यानं त्या हाकांना दाद द्यायची नाही. उलट तोंडानं दम घुमवत, म्हणजे उरलासुरला श्वासही खर्चत, सात जणांच्या तावडीतून परत यायचं.

1949 मध्ये मंडळाचा चमू स्टॉकहोमच्या लिंगियाड या जिम्नॅस्टिक्स महोत्सवातही जाऊन आला. हुतूतूला, म्हणजे कबड्डीला, आशियाई खेळांत पदकाचा मान मिळायला मात्र 1990चं बीजिंग उजाडलं. पहिलं सुवर्ण अर्थातच भारताचं.