बिनबोलावलेले तारामासे

एका वाचकांनी फोटो पाठवला आहे. समुद्री मत्स्यपेटीच्या काचेवर आतून चिकटलेला, नखाएवढा पांढुरका तारामासा. हा आम्ही विकत आणलेला नाही, मग आला कुठून आणि प्रवाळ खाईल का, असं ते विचारतात.

आला तो दगडाच्या नाहीतर प्रवाळाच्या तुकड्याच्या भेगेतून. हात बारीक, लवचिक आणि मधली चकती वेगळी उठून दिसत असेल तर तो ब्रिटल स्टार. दिवसा कपारीत दडतो, उरलंसुरलं खातो. त्याला राहू द्या. हात आखूड, बुडाशी एकमेकांत मिसळलेले आणि चाल नळीपायांवरची संथ असेल, तर दुकानदार ज्याला ॲस्टेरिना म्हणतात तो हा. फोटोतलाही तोच. त्याचे हात सहा-सात असू शकतात, त्यातही काही लांब, काही नुसते खुंट. तो स्वतःचे दोन तुकडे करतो आणि प्रत्येक तुकड्याला राहिलेले हात नव्याने फुटतात. वाढायला जोडीदार लागतच नाही! १८६९ साली सुएझ कालवा खुला झाल्यावर तांबड्या समुद्रातले याच कुळातले तारामासे भूमध्य समुद्रात शिरले. इस्रायलच्या किनाऱ्यावर त्यांचा पसारा प्रामुख्याने असे तुकडे पाडूनच वाढला.

त्याचं जेवणही अजब. ताटातलं तोंडात घालण्याऐवजी पोटच उलटं करून ताटावर पालथं घालावं, तसा तो जठर बाहेर काढतो आणि शेवाळाचा थर जागच्या जागी पचवतो. गुलाबी शेवाळावर पांढरे डाग दिसतात ते बहुधा यामुळे.

आता प्रवाळाचं. काही तारामाशांनी झोअँथिड नावाचे प्रवाळासारखे जीव खाल्ल्याच्या तक्रारी हौशी मंडळी करतात, आणि त्या सगळ्याच खोट्या म्हणता येणार नाहीत. पण ‘पांढरा तो गरीब, काळा तो चोर’ हा त्यांचा नियम मला मुळीच पटत नाही. ॲस्टेरिना या एका बाजारी नावाखाली अनेक जाती खपतात. त्यांतल्या बऱ्याच जाती २००४ मध्ये ॲक्विलोनास्ट्रा या नव्या प्रजातीत गेल्या. ऑस्ट्रेलियातल्या मार्क ओलाफलिन आणि फ्रान्सिस रो यांनी २००६ मध्ये त्यांची नव्याने छाननी करून कित्येक नव्या जाती नोंदवल्या. अंगावरच्या बारीक पट्टिका आणि काटे सूक्ष्मदर्शकाखाली बघत बसण्याचं हे काम. त्याची बातमी कधी होत नाही. मत्स्यपेटीवाले मात्र अजून रंगावरच निकाल देतात.

शिवाय मरू घातलेल्या प्रवाळावर तारामासा बसलेला दिसला, म्हणजे त्यानेच मारलं असं होत नाही. सडका भाग खायलाही तो येतो. रात्री टॉर्च घेऊन बघा. धडधाकट प्रवाळावरून तो उठल्यावर खाली जखम दिसली आणि हे पुनःपुन्हा घडलं, तरच संशयाला जागा आहे. मग चिमट्याने अख्खा उचलून बाहेर काढा. त्यासाठी हार्लेक्विन कोळंबी मात्र आणू नका. ती मुख्यतः तारामाशांवरच जगते. तुमचे संपले की तिच्यासाठी तारामासे विकत आणावे लागतील.