गळ्याला नळी आहे? पहिला घोट डॉक्टरांना विचारूनच!



मोठा अपघात, लकवा, विषबाधा किंवा तोंडा-घशाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं की काही पेशंट गळ्याला नळी घेऊनच घरी येतात. गळ्याच्या पुढून श्वासनलिकेला छिद्र पाडून ही नळी बसवतात. डॉक्टर याला ‘ट्रॅकिओस्टॉमी’ म्हणतात. पेशंट खुणेनं पाणी मागतो, आपला जीव तुटतो आणि आपण पेला त्याच्या तोंडाला लावतो. इथंच थांबायचं!

असं का?
गळ्यात पुढे श्वासाची वाट आणि मागे अन्नाची. गळ्यावर बोट ठेवून आवंढा गिळून बघा. कंठ वर उचलला जातो, तेव्हा श्वासाची वाट झाकली जाते. नळीमुळे ही हालचाल अडखळू शकते. काही नळ्यांना हवेचा छोटा फुगा असतो. तो जास्त फुगला तर अन्ननलिकेवर दाब येतो. घशातून हवा जात नाही, म्हणून तिथली जाणीव मंदावते आणि जोरानं खोकताही येत नाही. लकवा किंवा घशाचं ऑपरेशन झालं असेल तर गिळण्याचा त्रास मुळातच असतो.

मग घोट फुफ्फुसाकडे जातो आणि न्यूमोनिया होऊ शकतो. “ठसका लागला नाही, म्हणजे नीट गेलं,” असं समजू नका. ठसका न लागताही पाणी आत जातं. फुगा असला तरी ते पूर्ण अडत नाही.

घरी काय करायचं?
- गिळण्याची तपासणी झाल्याशिवाय तोंडानं काही देऊ नका. पातळ पाणी आवरायला सर्वांत अवघड असतं.
- परवानगी मिळाली की पेशंटला ताठ बसवा. आधी नळीतला कफ काढा. सांगितलं तेवढंच घट्ट, छोट्या चमच्यानं, सावकाश द्या. खाताना बोलायला लावू नका.
- जेवणानंतर अर्धा तास तरी आडवं करू नका. नाकातल्या नळीनं जेवण देतानाही हेच पाळा.
- तोंडानं जेवण बंद असलं तरी दात आणि जीभ रोज दोनदा स्वच्छ करा.
- फुग्यातली हवा स्वतःच्या मनानं कमी-जास्त करू नका.

धोक्याच्या खुणा
गळ्याच्या नळीतून चहा, दूध किंवा अन्न येणं, कफ वाढणं, ताप, घशात घरघर. यातलं काही दिसलं तर तोंडानं देणं थांबवा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा. धाप लागली, ओठ निळे पडले तर लगेच १०८ ला फोन करा.

कुठे विचारायचं?
कान-नाक-घसा डॉक्टर आणि वाचा-उपचार तज्ज्ञ गिळणं तपासतात. बेलापूरकरांना श्रीरामपूर जवळ आहे. मोठ्या तपासणीसाठी लोणीच्या प्रवरा ग्रामीण रुग्णालयात चौकशी करा. सुट्टी घेतानाच विचारा, “तोंडानं काय द्यायचं, किती द्यायचं, कधीपासून?” आणि ते कागदावर लिहून घ्या.

बऱ्याच पेशंटांचं गिळणं सरावानं सुधारतं. तोवर धीर धरायचा. गटाच्या पुढच्या बैठकीत हे जरूर वाचून दाखवा. कुणाच्या घरी असा पेशंट असेल, तर तिथल्या ताईला आधी सांगा.