वारंवार सुजणारे टॉन्सिल आणि वनस्पतींचे अर्क

घशाच्या मागच्या बाजूला, पडजिभेच्या दोन्ही अंगांना असलेल्या मांसल गाठींना टॉन्सिल किंवा गलग्रंथी म्हणतात. या दोन गाठी, नाकामागची अडेनॉइड ग्रंथी आणि जिभेच्या मुळाशी असलेल्या रोगप्रतिकारक पेशींचा पुंजका मिळून अन्नमार्ग व श्वासमार्गाच्या तोंडाशी एक कडे तयार होते. जर्मन शरीररचनाशास्त्रज्ञ विल्हेल्म फॉन वाल्डायर यांनी १८८४ मध्ये त्याचे वर्णन केल्यामुळे ते त्यांच्या नावाने ओळखले जाते. टॉन्सिलच्या पृष्ठभागावर खोल खाचा असतात. श्वासातून व अन्नातून येणारे जंतू त्यांत अडकतात, तेथील पेशी त्यांची ओळख पटवतात आणि त्यांच्याविरुद्ध प्रतिपिंडे, म्हणजे विशिष्ट जंतूला जखडणारी प्रथिने, तयार होऊ लागतात. बालवाडी व प्राथमिक शाळेच्या वयात हे काम सर्वाधिक जोमाने चालते, त्यामुळे या वयात टॉन्सिल मोठे दिसणे हा स्वतःहून आजार ठरत नाही.

आजार म्हणायचा तो त्यांना सूज येऊन ताप, गिळताना वेदना आणि मानेत गाठी अशी लक्षणे पुन्हा पुन्हा उद्भवू लागली तर. मुलांमध्ये बहुतेक वेळा या आजाराचे कारण विषाणू असतात आणि त्यांच्यावर प्रतिजैविकांचा काहीही उपयोग नसतो. मात्र काही वेळा ‘अ’ गटातील स्ट्रेप्टोकोकस हे जिवाणू कारणीभूत असतात व तेव्हा ती औषधे आवश्यक ठरतात. आजार परत परत होण्यामागे शाळेतून मिळणारा नवा संसर्ग जसा असतो, तसा खाचांमध्ये चिवट थर करून राहिलेल्या जंतूंचाही वाटा असतो. या थराला जैवपटल म्हणतात आणि त्याच्या आत औषध पुरेसे पोहोचत नाही. ‘मुलाची प्रतिकारशक्तीच कमी आहे’ हा घरोघरी काढला जाणारा निष्कर्ष बहुतेक मुलांच्या बाबतीत चुकीचा असला, तरी प्रतिकारशक्ती वाढवण्याच्या नावाखाली विकल्या जाणाऱ्या वनस्पतिजन्य औषधांचा बाजार त्याच समजुतीवर उभा आहे.

या औषधांचा सर्वात पद्धतशीर वापर जर्मनीत आणि पूर्व युरोपात दिसतो. जर्मनीतील बायोनोरिका कंपनीचे, काही देशांत टॉन्सिलगॉन या नावाने मिळणारे औषध सात वनस्पतींपासून बनते: खतमीचे मूळ, कॅमोमाइलची फुले, अक्रोडाची पाने, ओकची साल, यॅरो, डँडेलियन आणि नेच्यांच्या नात्यातील इक्विसेटम. यांतील काही घटकांचे काम समजण्याजोगे आहे. खतमीच्या मुळात भेंडीसारखा बुळबुळीत द्रव असतो, तो घशाच्या अस्तरावर पातळ थर धरतो आणि त्यामुळे खवखव कमी वाटते. ओकच्या सालीतील टॅनिन, म्हणजे तोंडाला तुरटपणा आणणारी द्रव्ये, सुजलेल्या अस्तराला आकसून घेतात. कॅमोमाइलमधील तेले दाह सौम्य करतात. युक्रेनमधील ६ ते १८ वर्षांच्या मुलांवर झालेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात हे औषध घेणाऱ्यांची लक्षणे लवकर ओसरल्याचे नोंदले गेले, परंतु कोणाला औषध मिळते आहे हे डॉक्टर व पालक दोघांनाही ठाऊक असल्यामुळे या निष्कर्षाला मर्यादा पडते.

दक्षिण आफ्रिकेतील पेलार्गोनियम सिडॉयडीस या वनस्पतीच्या मुळाच्या अर्काची चाचणी त्याहून काटेकोर होती. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या चाचणीत ६ ते १० वर्षांच्या १४३ मुलांना अर्क किंवा तसेच दिसणारे निष्क्रिय द्रव्य देण्यात आले आणि अर्क घेणाऱ्यांची लक्षणे चार दिवसांत अधिक घटली. मात्र स्ट्रेप्टोकोकसचा संसर्ग असलेली मुले तीतून मुद्दाम वगळली होती. एकिनेशिया या दुसऱ्या लोकप्रिय वनस्पतीने निराशाच केली: अमेरिकेत २ ते ११ वर्षांच्या ४०७ मुलांवर झालेल्या, २००३ मधीलच चाचणीत सर्दी-पडशाचा कालावधी तिने कमी झाला नाही, उलट अंगावर पुरळ उठण्याचे प्रमाण वाढले.

एखादा आजार चार दिवसांत हलका होणे आणि वर्षभरात तो कमी वेळा होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसऱ्या गोष्टीचा पुरावा मिळवणे का अवघड आहे, हे टॉन्सिलच्या शस्त्रक्रियेविषयीच्या संशोधनातून कळते. अमेरिकेतील पिट्सबर्ग येथील बालरोगतज्ज्ञ जॅक पॅराडाइझ यांनी १९८४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात एका वर्षात सात, सलग दोन वर्षे दरवर्षी पाच किंवा सलग तीन वर्षे दरवर्षी तीन वेळा नोंदलेला घसादाह झालेली मुलेच घेतली होती आणि शस्त्रक्रियेची शिफारस करताना हाच निकष आजही वापरला जातो. शस्त्रक्रिया झालेल्या मुलांना फायदा झाला. पण ज्यांची शस्त्रक्रिया झाली नव्हती त्यांच्यापैकीही अनेकांना पुढच्या वर्षांत तीनपेक्षा कमी वेळा त्रास झाला आणि तोही बहुधा सौम्य होता. वयाबरोबर आजार आपसूक ओसरत असेल, तर त्या काळात दिलेल्या कोणत्याही काढ्याला वा थेंबांना श्रेय मिळणे स्वाभाविक आहे आणि तुलनेसाठी दुसरा गट नसलेल्या दाव्यांवर विश्वास ठेवू नये, तो याच कारणाने.

महाराष्ट्रातील घरांत हळदीचे दूध, ज्येष्ठमधाचा तुकडा, अडुळशाचा काढा यांना मोठी परंपरा आहे आणि घशाला आराम देण्यापुरता त्यांचा बेताचा वापर सहसा निर्धोक असतो, जरी एक वर्षाखालील बाळाला मध आणि कोणत्याही मुलाला रोज पुष्कळ ज्येष्ठमध देणे टाळावे, कारण ज्येष्ठमधातील ग्लायसिरायझिनमुळे रक्तदाब वाढतो व पोटॅशियम घटते. नैसर्गिक म्हणजे निरुपद्रवी हा समज मात्र महाग पडू शकतो. कोविडच्या काळात गुळवेलीचे सेवन केल्यानंतर यकृताला इजा झालेल्या सहा प्रौढ रुग्णांची नोंद मुंबईतील डॉक्टरांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने तिच्यावर आक्षेप घेतला, तरी अशा अर्कांचा मुलांवरील दीर्घकालीन वापर तपासलेला नाही, ही वस्तुस्थिती त्याने बदलत नाही. शिवाय थेंबांच्या रूपातील अनेक अर्कांत अल्कोहोल असतो, हेही वेष्टनावर वाचून घ्यावे.

सर्वात गंभीर धोका अर्कांमुळे होणाऱ्या दिरंगाईचा आहे. स्ट्रेप्टोकोकसच्या घसादाहानंतर दोन-तीन आठवड्यांनी, विशेषतः ५ ते १५ या वयात, संधिवाताचा ताप येऊन हृदयाच्या झडपा कायमच्या बिघडू शकतात. भारतात हा आजार अजूनही आढळतो आणि पेनिसिलिन गटातील औषधाचा ठरवून दिलेला, बहुधा दहा दिवसांचा, पूर्ण कोर्स हाच त्याचा प्रतिबंध आहे. म्हणून पालकांनी प्रत्येक आजारपणाची तारीख, ताप व औषध एका वहीत लिहून ठेवावे, संशय असल्यास घशाच्या स्रावाची तपासणी करून घ्यावी, आणि लाळ गळणे, तोंड उघडता न येणे किंवा झोपेत श्वास अडखळणे यांपैकी काही दिसल्यास तत्काळ डॉक्टर गाठावेत. वनस्पतींचे अर्क घशाला आराम देण्यापुरते, तज्ज्ञांना सांगून वापरण्यास हरकत नाही. वारंवार होणाऱ्या टॉन्सिलच्या आजारावरचा उपाय म्हणून त्यांना सिद्ध म्हणण्याइतका पुरावा आज नाही.