आप्रवासी घाट

मॉरिशसच्या पोर्ट लुई बंदरात सोळा दगडी पायऱ्या आहेत. त्या जागेस आप्रवासी घाट म्हणतात. पूर्वी लोक तिला कुली घाट म्हणत. त्या बेटावर जाण्याचा योग आला तेव्हा आम्ही हा घाट मुद्दाम पाहिला. आमचे सारे आयुष्य ऊसतोड कामगारांत गेले. उसासाठी देश सोडलेली माणसे ज्या पायऱ्या चढून गेली, त्या पाहिल्यावाचून परत येणे आम्हांस बरे वाटले नसते.

घाटाचा इतिहास थोडक्यात असा. १८३५ साली मॉरिशसमधील गुलामगिरी कायद्याने संपली. मळेवाल्यांना हात हवे होते. गुलामांऐवजी कराराचे मजूर आणून साखर काढता येते काय, हा प्रयोग ब्रिटिश सरकारने येथे केला. नोव्हेंबर १८३४ मध्ये त्यासाठी कलकत्त्याहून छत्तीस जण आले. पुढे मद्रास व मुंबईहूनही जहाजे सुटली. मुंबईच्या जहाजांतून आपली रत्नागिरीकडची माणसे गेली. त्यांचे वंशज आजही तेथे गणपती बसवितात. १९२० पर्यंत जवळजवळ पाच लाख मजूर या बेटावर आले.

१८४९ साली बांधलेल्या डेपोचा आज थोडाच भाग उरला आहे : फाटक, इस्पितळाच्या खोल्या आणि त्या पायऱ्या. २००६ साली युनेस्कोने त्यास जागतिक वारसा ठरविले. उतरलेला मजूर येथे एकदोन दिवस राही, त्यास क्रमांक मिळे आणि मग मळ्यावर रवानगी होई.

आता करार पाहू. सुरुवातीस मुदत पाच वर्षे, मजुरी दरमहा पाच रुपये आणि वर शिधा. एक दिवस खाडा झाला की दोन दिवसांची मजुरी कापली जाई. काम सोडले की तुरुंग. १८६७ च्या कायद्याने तर करार संपलेल्यांनाही छायाचित्राचा परवाना जवळ बाळगावा लागे. ज्यातून मजुराला बाहेर पडता येत नाही, त्यास आम्ही करार म्हणत नाही. १८७१ साली ९,४०१ जणांनी याविरुद्ध अर्ज केला. आदोल्फ द प्लेवित्झ या गृहस्थांनी त्यास साहाय्य केले आणि पुढे चौकशीसाठी शाही आयोग बसला.

त्या मजुरांची रजिस्टरे मोका येथील महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये जपलेली आहेत. तेथे जाऊन लोक आपल्या पणजोबांचे गाव शोधतात. ज्या कागदाने मजुरास बांधले, तोच आज त्याची साक्ष देतो.

हे ऐकताना आम्हांस आमचा फड आठवला. आमच्याकडे नवराबायको मिळून एक कोयता मोजतात. उचल मुकादमाच्या वहीत, करार बहुधा तोंडी, आणि खाड्याचा दंडही तोंडीच. काही वर्षांमागे आमच्या तळावरील एक बाई उसाच्या गाडीखाली सापडून दगावली. भरपाई मागण्यास आम्ही गेलो, तर ती कामावर होती याचा कागद कोठेच निघाला नाही. कोयत्यापुढे फक्त तिच्या नवऱ्याचे नाव होते.

दीडशे वर्षांपूर्वीच्या मजुराचा क्रमांक सापडतो आणि कालच्या बाईचे नाव सापडत नाही! म्हणून आमच्या मागणीपत्रात मजुरीच्या दराच्याही आधी एक ओळ असते : कोयत्यापुढे बाईचे नाव स्वतंत्र लिहा.