घर घेण्यापूर्वीं: मिळकतीवरील बोजाचा शोध

'घर पहावें बांधून' अशी आपल्याकडे जुनी म्हण आहे. ठाणें, कल्याण व डोंबिवली या शहरांत सांप्रत स्वतः घर बांधणारे थोडे, व बांधलेलें घर विकत घेणारे फार. तेव्हां या म्हणींत 'घर पहावें घेऊन' एवढी भर घालावयास हरकत नाहीं. १८५३ सालीं बोरीबंदराहून ठाण्यास आगगाडी आली व पुढील वर्षीं ती कल्याणास पोहोंचली. तेव्हांपासून मुंबईंत नोकरी आणि लोहमार्गाच्या कांठीं बिऱ्हाड हा इकडील असंख्य कुटुंबांचा क्रम होऊन बसला. अशा कुटुंबाची वीसपंचवीस वर्षांची शिल्लक एका घराच्या किंमतींत जाते. आमच्या विद्यार्थ्यांपैकीं पुष्कळांच्या घरीं हा व्यवहार कधीं ना कधीं व्हावयाचाच आहे. वडील मंडळी कागद पुढें ठेवून बसली असतां त्यांत काय पहावयाचें हें घरांतील शिकत्या मुलास ठाऊक असावें, या हेतूनें हा लेख आम्ही लिहीत आहों.

प्रथम एक तत्त्व ध्यानांत घ्यावें. कर्ज मनुष्याचें असतें. परंतु बोजा मिळकतीचा असतो. एखाद्यानें घर गहाण ठेवून पैसे घेतले व पुढें तें घर आपणांस विकलें, तर गहाण कांहीं त्याच्याबरोबर दुसऱ्या गांवीं जात नाहीं. तें भिंतींना चिकटून आपल्या घरांतच राहतें. विकणाऱ्यापाशीं जेवढा हक्क असेल तेवढाच घेणाऱ्यास मिळतो, अधिक मिळत नाहीं. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरणाच्या कायद्यानें विकणाऱ्यावर असें बंधन घातलें आहे कीं, मिळकतींतील व तिच्या हक्कांतील जे दोष त्यास माहीत असून घेणाऱ्यास सहज कळण्याजोगे नाहींत ते त्यानें सांगितले पाहिजेत, व मागतां क्षणीं हक्काचे कागद दाखविले पाहिजेत. परंतु त्याच कायद्याप्रमाणें नोंदलेला दस्त घेणाऱ्यास माहीत होता असें धरलें जातें, आणि घरांत प्रत्यक्ष कोणाचा ताबा आहे त्याच्या हक्काचीही त्यास माहिती होती असें धरलें जातें. म्हणजे 'आम्हांस ठाऊक नव्हतें' ही सबब न्यायासनापुढें टिकत नाहीं.

येथें कोणी विचारील कीं, सरकारी कचेरींत खरेदीखत नोंदलें म्हणजे मालकी पक्की झाली नाहीं काय? ती तशी होत नाहीं. दक्षिण ऑस्ट्रेलियांत १८५८ सालीं रॉबर्ट टॉरेन्स यांनीं अशी पद्धत सुरू केली कीं, सरकारच्या नोंदवहींत ज्याचें नांव तोच मालक, व त्याची हमी सरकारची. आपल्याकडे १९०८ च्या नोंदणी कायद्याप्रमाणें नोंद होते ती दस्ताची; मालकीची हमी कोणी देत नाहीं. विकणाऱ्याचा हक्क खरा कीं खोटा हें पाहण्याचें काम घेणाऱ्याचें आहे. म्हणून शोध घ्यावा लागतो.

शोधाची पहिली पायरी म्हणजे मूळ दस्त स्वतः पाहणें. नकलेवर केव्हांही समाधान मानूं नये. याचें कारण असें. गहाणाचे अनेक प्रकार आहेत. ताबा न देतां केलेलें नजरगहाण, ताबा देऊन केलेलें कब्जेगहाण, आणि विक्रीचें रूप दिलेली मुदतखरेदी हे जुने प्रकार सर्वांच्या ऐकण्यांतले आहेत. परंतु आज पेढ्या जें गहाण बहुधा घेतात तें निराळेंच आहे. ऋणकोनें आपले हक्काचे मूळ कागद तारण म्हणून पेढीच्या स्वाधीन केले कीं गहाण पुरें झालें. त्यास गहाणखत लिहावें लागतेंच असें नाहीं. असें असतां जो विक्रेता सुंदर छायाप्रती दाखवितो व मूळ कागद 'कपाटांत आहेत' म्हणून सांगतो, त्याचे मूळ कागद कोणाच्या कपाटांत आहेत हें पाहणें अगत्याचें होय. कागद हरवले असें तो म्हणेल तर पोलिसांकडील तक्रारीची नोंद व वर्तमानपत्रांतील जाहीर नोटीस मागावी, आणि शोध दुप्पट काळजीनें करावा.

कागदांची सांखळीही जुळवून पहावी. अ नें ब ला विकलें, ब नें क ला बक्षीस दिलें, क वारला व त्याच्या वारसांनीं वाटणी केली, अशी प्रत्येक कडी मागील कडीशीं जोडलेली असली पाहिजे. मधली एक कडी केवळ कुलमुखत्यारपत्राची असेल तर तेथें थांबावें. कुलमुखत्यारपत्रावर मालकी हस्तांतरित होत नाहीं, असा स्पष्ट निर्णय सर्वोच्च न्यायालयानें २०११ सालीं दिला आहे.

दुसरी पायरी दुय्यम निबंधकाच्या कार्यालयाची. तेथें मिळकतीच्या अनुक्रमानें ठेवलेली जी सूची असते तीस सूची क्रमांक दोन म्हणतात. ठराविक फी भरून ती कोणासही पाहतां येते. विक्री, गहाण, बक्षीस, दीर्घ मुदतीचा भाडेपट्टा, जे जे दस्त नोंदले गेले ते त्यांत सांपडतात. अलीकडील वर्षांचा शोध संगणकावर घरबसल्याही घेतां येतो. जुन्या वर्षांसाठीं कार्यालयांतील वह्या पहाव्या लागतात. ठाण्यांत व कल्याणांत अशीं कार्यालयें एकाहून अधिक आहेत, म्हणून एकाच ठिकाणीं पाहून परतूं नये.

किती वर्षें मागें जावें? वकील मंडळी सामान्यतः तीस वर्षें सांगतात, व ह्या आंकड्यास कारण आहे. १९६३ च्या मुदतीच्या कायद्याप्रमाणें गहाण टाकणाऱ्यास गहाण सोडवून घेण्याचा दावा ३० वर्षांपर्यंत आणतां येतो; त्यापूर्वींच्या १९०८ च्या कायद्यांत हीच मुदत ६० वर्षांची होती. तेवढा काळ निर्वेध गेला असेल तर जुना गहाणदार उठून उभा राहण्याचें भय बरेंच कमी होतें.

कागद ठेवून केलेलें गहाण दस्ताशिवाय होत असल्यामुळें तें सूचींत पूर्वीं दिसत नसे. ही उणीव भरून काढण्यासाठीं दोन उपाय झाले आहेत. २०११ सालीं पेढ्यांच्या तारणांची 'सरसाई' नांवाची मध्यवर्ती नोंदवही सुरू झाली, व फी देऊन ती कोणासही तपासतां येते. दुसरा उपाय महाराष्ट्रापुरता आहे. २०१३ पासून अशा गहाणाची सूचना ३० दिवसांच्या आंत नोंदणी कार्यालयांत दाखल करावी असा नियम झाला. दोन्ही ठिकाणीं पहावें.

तिसरी पायरी महसुली दप्तराची. मुंबई इलाख्यांत हक्कनोंदणीचा कायदा १९०३ सालीं झाला. त्याचेंच आजचें रूप म्हणजे सातबाराचा उतारा. गांव नमुना सातमध्यें भोगवटादाराचें नांव व 'इतर हक्क' हा रकाना असतो. नमुना बारामध्यें पिकांची नोंद असते. पुष्कळ लोक वरचें नांव पाहून उतारा घडी करून ठेवतात. वस्तुतः सर्व मर्म 'इतर हक्क' या रकान्यांत आहे. सोसायटीचें किंवा पेढीचें कर्ज, कुळाचें नांव, वहिवाटीचा रस्ता, न्यायालयाचा मनाईहुकूम, या सर्वांच्या नोंदी तेथें असतात. प्रत्येक नोंदीपुढें फेरफाराचा क्रमांक असतो. तो फेरफार काढून वाचावा, म्हणजे नांव कसें चढलें, कोणाचें कमी झालें व कोणीं हरकत घेतली होती हें कळतें. जेथें नगरभूमापन झालें आहे अशा भागांत सातबाराच्या जागीं मिळकत पत्रिका पाहतात.

ठाणें जिल्ह्यांत कांहीं नोंदींकडे विशेष लक्ष द्यावें. भोगवटादार वर्ग २ असें लिहिलें असेल तर सरकारच्या परवानगीवांचून विक्री होत नाहीं. १९४८ च्या कूळकायद्यानें मिळालेल्या जमिनीसही विक्रीच्या अटी असतात. आदिवासी बांधवाची जमीन बिगर आदिवासी मनुष्यास सरकारी मंजुरीवांचून घेतां येत नाहीं. शहरी जमिनीच्या कमाल मर्यादेचा कायदा १९७६ पासून २००७ पर्यंत येथें अंमलांत होता. कायदा गेला, तरी त्याच्या कांहीं नोंदी उताऱ्यांवर अद्यापि आढळतात.

जुनी नोंद किती दूरवर हात पोहोंचविते याचें एक उदाहरण या भागांतील लोक विसरणार नाहींत. १९२७ च्या वनकायद्याखालीं खाजगी जमिनी वन समजण्याबद्दल १९५६-५७ च्या सुमारास सरकारनें नोटिसा काढल्या होत्या. १९७५ च्या कायद्यानें खाजगी वनें सरकारजमा झालीं. मध्यंतरीं मुंबईच्या उपनगरांत व ठाण्यांत अशा जमिनींवर रीतसर परवानगी घेऊन इमारती उभ्या राहिल्या, कुटुंबें राहावयास गेलीं. पुढें सुमारें अर्ध्या शतकानंतर महसुली दप्तरांत त्या जमिनींवर खाजगी वन असा शेरा चढला, आणि ज्यांनीं प्रामाणिकपणें पैसे मोजले त्यांचीं घरें धोक्यांत आलीं. २००८ सालीं मुंबई उच्च न्यायालयाचा निर्णय सरकारच्या बाजूनें झाला. अखेर ३० जानेवारी २०१४ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें तो फिरविला. नोटीस नुसती काढून ठेवली, ती मालकास पोंचविली नाहीं व तिचा पाठपुरावाही केला नाहीं, तर तेवढ्यानें जमीन वन होत नाहीं, असें त्या निर्णयाचें तात्पर्य होय. घरें वांचलीं, परंतु त्या मधल्या वर्षांची चिंता कोण भरून देणार?

चौथी गोष्ट भाऊबंदकीची. कागदावर एकाचें नांव असलें म्हणजे हक्क एकाचाच असतो असें नाहीं. एकत्र कुटुंबाच्या मिळकतींत मुलींनाही जन्मतःच मुलांच्या बरोबरीचा वांटा आहे, असें २००५ च्या दुरुस्तीनें ठरलें, व बाप त्या दिवशीं हयात नसला तरी हा हक्क पोंचतो, असा सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय २०२० सालीं झाला. कल्याण-डोंबिवलीभोंवतालच्या गांवांतून वडिलोपार्जित जमिनीवरील घर घेतांना बहिणींनीं नोंदलेलें हक्कसोडपत्र दिलें आहे काय, हें अवश्य पहावें. हिंदु कुटुंबांत अज्ञान मुलाच्या मालकीची मिळकत त्याच्या पालकानें विकली असेल तर न्यायालयाची परवानगी पहावी. नाहींतर तो मुलगा वयांत आल्यावर व्यवहार मोडूं शकतो. आणि घरीं जाऊन ताबा कोणाचा आहे तें पहावें. जुन्या वाड्यांतून व चाळींतून मालक एक, राहणारा दुसरा, असें हरघडी दिसतें. राहणाऱ्या भाडेकरूस कायद्याचें संरक्षण असतें. घरपट्टीची पावती ही मालकीचा पुरावा नव्हे, हेंही येथेंच सांगून ठेवतों.

नव्या इमारतींतील सदनिका घेणाऱ्यानें आणखी पुढें पहावें. बांधणाऱ्यानें सर्व प्रकल्प पेढीकडे गहाण ठेवलेला असूं शकतो. तेव्हां आपल्या सदनिकेपुरतें पेढीचें ना हरकत पत्र घ्यावें. २०१६ च्या स्थावर संपदा कायद्यानें करार झाल्यावर ती सदनिका गहाण टाकण्यास बांधणाऱ्यास बंदी केली आहे, व हक्कांतील दोषानें नुकसान झाल्यास भरपाईच्या मागणीस मुदतीची आडकाठी ठेवलेली नाहीं. महारेराच्या संकेतस्थळावर प्रकल्पाचे बोजे व चालू खटले पाहतां येतात. तथापि तेवढ्यावर विसंबूं नये. डोंबिवली परिसरांत महापालिकेच्या बनावट परवानग्या दाखवून महारेराची नोंदणी मिळविल्याचें उघडकीस आलें, व नोव्हेंबर २०२४ मध्यें मुंबई उच्च न्यायालयानें अशा ६५ इमारती पाडण्याचा हुकूम दिला. नोंदणी क्रमांक खरा होता; ज्या कागदावर तो मिळाला तो खोटा होता. म्हणून बांधकामाच्या परवानगीचा क्रमांक घेऊन ती महापालिकेच्या नगररचना खात्यांतच पडताळून पहावी.

किरकोळ दिसणारी थकबाकीही किरकोळ नसते. मालमत्ता कराचा बोजा महापालिकेच्या कायद्यानें जमीनमहसुलाखालोखाल सर्वांच्या आधीं बसतो. मागील मालकाची विजेची बाकी नियमांप्रमाणें नव्या मालकाकडे मागतां येते, असें सर्वोच्च न्यायालयानें २०२३ सालीं म्हटलें आहे. गृहनिर्माण संस्थेची बाकी व भागपत्रावरील पेढीच्या बोजाची नोंद संस्थेच्या दप्तरांत पहावी. या सर्वांचे 'बाकी नाहीं' असे लेखी दाखले घ्यावेत.

बोजा आढळला म्हणजे व्यवहार सोडलाच पाहिजे असें मात्र नव्हे. समजा, घराची किंमत ६० लाख ठरली व त्यावर पेढीचें २२ लाख कर्ज बाकी आहे. अशा वेळीं पेढीकडून बाकीचें लेखी पत्र घ्यावें. २२ लाख विक्रेत्याच्या हातीं न देतां थेट पेढींत भरावे. पेढीनें मूळ कागद व कर्जफेडीचा दाखला दिल्यावर, आणि संस्थेच्या दप्तरांतून, सातबाऱ्यावर नोंद असल्यास तेथून व सरसाईंतून बोजा कमी झाल्यावर, खरेदीखताच्या वेळीं उरलेले ३८ लाख द्यावे. जो उघड दिसला तो बोजा फेडतां येतो. जो झांकून ठेवला तोच घातक. अखेरीस वकिलामार्फत वर्तमानपत्रांत जाहीर नोटीस देऊन हरकती मागवाव्या, व इसाऱ्याची मोठी रक्कम त्यापूर्वीं देऊं नये.

हें सर्व वाचून कोणी म्हणेल कीं, इतका संशय धरल्यास व्यवहार व्हावयाचे कसे? आमच्या मतें हा संशय नव्हे. प्रामाणिक विक्रेत्यास आपले कागद दाखविण्याचा राग येत नाहीं. उलट आपली मिळकत निर्वेध आहे हें सिद्ध झाल्याचा त्यास संतोषच होतो. शोधास लागणारी फी व वकिलाचें वेतन हीं घराच्या किंमतीच्या मानानें अल्प आहेत, आणि लागणारे चारसहा आठवडे हे पुढील वीस वर्षांच्या हप्त्यांपुढें कांहींच नव्हेत. विद्यार्थिमित्रहो, तुम्हांस आज घर घ्यावयाचें नाहीं. परंतु सातबाराचा उतारा कसा वाचावा हें आजच शिकून ठेवण्यास कोणाची परवानगी लागत नाहीं. आपल्या घराचा किंवा गांवच्या जमिनीचा एक उतारा मागवा, वडिलांजवळ बसून त्यांतील प्रत्येक रकान्याचा अर्थ लावा, व 'इतर हक्क' या रकान्यापाशीं थोडे अधिक थांबा.