टाकी ते कार्बोरेटर

सकाळी ८
पौडच्या निवृत्त गुरुजींनी त्यांची १९९७ची मारुती ८०० काल संध्याकाळी पिरंगुटला माझ्या गॅरेजवर लावली. तक्रार एकच: सकाळी गाडीजवळ गेलं की पेट्रोलचा वास येतो. असा वास असला की आधी किल्ली फिरवायची नाही. गार इंजिनावर बॉनेट उघडून हातानं आणि नाकानं तपासायचं.

पहिली ऑइलची पट्टी काढली. ऑइल वरच्या खुणेच्याही वर, पातळ, आणि वास पेट्रोलचा. म्हणजे एसी पंपाचा, इंजिनावरच्या पेट्रोल खेचणाऱ्या पंपाचा, डायफ्राम गेलेला. कॅमशाफ्ट पंपाचा दांडा हलवतो, दांडा डायफ्राम खेचतो, तसं टाकीतलं पेट्रोल पुढे येतं. डायफ्राम फाटला की तेच पेट्रोल इंजिनात उतरतं आणि ऑइलचा वंगणपणाच जातो. नुसता पंप बदलून भागत नाही, ऑइल आणि ऑइल फिल्टरही बदलावा लागतो.

९
आता पाइप. प्रत्येक पाइप बोटात धरून वाकवला. मधून धडधाकट दिसणारा पाइप क्लिपपाशी हमखास भेगाळलेला असतो, म्हणून क्लिप सरकवून खाली बघायचं. एक तुकडा कुणीतरी फवारणी पंपाच्या पारदर्शक नळीचा घातला होता. पिवळा पडून कडक झालेला, इंजिनाच्या उष्णतेजवळ. चाळीस-पन्नास रुपये वाचवायला असं करणाऱ्याचा मला मनापासून राग येतो. त्या गाडीत माणसं बसतात.

१०
पोऱ्या गाडी गॅरेजमधल्या कामाच्या खड्ड्यावर ढकलायला निघाला. त्याला थांबवलं. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, ती खड्ड्यात साचते आणि एका ठिणगीची वाट बघते. टाकीचं काम उघड्या अंगणात, बॅटरीचं निगेटिव्ह काढून, वाळूची बादली शेजारी ठेवूनच.

टाकी उतरवली. तळातलं पेट्रोल काचेच्या बाटलीत घेऊन ठेवलं. थोड्या वेळानं खाली गढूळ थर, वर पिवळसर पेट्रोल. गाडी पावसाळाभर अर्ध्या टाकीनिशी उभी होती, आणि मुळशीचा पाऊस तर माहीतच आहे. दमट हवा टाकीत शिरते, रात्री पाणी होऊन उतरते. पेट्रोलमधलं इथेनॉल थोडं पाणी पोटात घेतं. मर्यादा ओलांडली की पाणी आणि इथेनॉल मिळून तळाला बसतात. तिथेच पत्र्याला गंज धरतो. ते खराब पेट्रोल झाकणाच्या डब्यात वेगळं ठेवलं. नाल्यात ओतायचं नाही, इथलं पाणी शेवटी मुळेत जातं.

दुपारी १२
पुण्यातली नाना पेठ. भूगावची गर्दी आणि चांदणी चौक पार करून पोचायलाच वेळ जातो, पण जुन्या गाडीचं सामान तिथेच मिळतं. पंप, फिल्टर, कार्बोरेटरचं किट, गुळगुळीत पट्टीच्या क्लिपा. पाइप घेताना त्यावरचं छापील वाचून घेतलं: एसएई जे३० आर९. आतून फ्लोरोइलास्टोमरचा थर असतो, तो इथेनॉल सोसतो. साधा रबरी पाइप स्वस्त, पण फुगून मऊ होतो.

३
कार्बोरेटर उघडला. वाटीत पांढरी पूड, सुईच्या टोकाचं रबर दबलेलं. जेट हवेनं साफ केले. तार घालायची नाही, भोक मोठं होतं. गंज काढून धुतलेली, वाळवलेली टाकी चढवली. पुढे जाणारे, परत येणारे, वाफेचे सगळे रबरी पाइप एकदम बदलले. एक फुटला म्हणजे बाकीचेही त्याच वयाचे आहेत, हे गिऱ्हाइकाला पटवायला लागतं.

५
ताजं पेट्रोल, नवं ऑइल. गाडी सुरू करून प्रत्येक जोडावर कोरडं फडकं फिरवलं. कुठेच ओल नाही. मिक्श्चरचा स्क्रू किंचित सैल केला, कारण ई२०वर, म्हणजे वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलवर, जुन्या कार्बोरेटरचं मिश्रण पातळ पडतं.

गुरुजी आले. “हे सगळं इथेनॉलमुळं का रे?”

“सर, रबर तसंही म्हातारं झालं होतं. इथेनॉलनं लवकर उघडं पाडलं.” एप्रिल २०२३ पासूनच्या नव्या गाड्यांचं सामान ई२०साठीच बनतं, या गाडीचं नव्हतं. इथेनॉलला शिव्या घालणं मला पटत नाही. आपल्याकडे ते उसापासूनही होतं, आणि आमच्या भागातला ऊसही कासारसाईच्या संत तुकाराम कारखान्याला जातो. मात्र जुन्या गाडीला त्याची तयारी करून द्यायला हवी.

६
घोटवडे फाट्यापर्यंत चक्कर मारली, पिकअप सरळ. सरांना सांगितलं: पावसाळ्यात टाकी भरलेली ठेवा, आठवड्यातून एकदा गाडी फिरवा, आणि महिन्यानं या. इथेनॉल जुना चिकट थर सोडवतं, तो फिल्टरमध्ये अडकतो. तेव्हा फिल्टर परत बदलू.