लेसच्या फुलाला क्रोशाची किनार

महाराष्ट्रातील लग्नात वधूपक्षाकडून मांडल्या जाणाऱ्या रुखवतात फराळाच्या पदार्थांबरोबर हस्तकलेच्या वस्तू ठेवण्याची रीत आहे आणि मराठवाड्यातही क्रोशाचे रुमाल आणि तोरणे यांना त्या मांडणीत मानाचे स्थान मिळत आले आहे. अशा वस्तूच्या मध्यभागी असणारे जाळीदार फूल, म्हणजे मोटिफ, पाहणाऱ्याच्या नजरेत प्रथम भरते; परंतु ती वस्तू सपाट बसेल की नाही आणि किती वर्षे टिकेल, हे बरेचसे तिच्या किनारीवर ठरते.

आकड्याच्या एका सुईने दोऱ्याचे फास एकमेकांत गुंफण्याची ही कला एकोणिसाव्या शतकात युरोपात फोफावली. 1845 मध्ये आयर्लंडमध्ये बटाट्याचे पीक बुडून दुष्काळ सुरू झाल्यावर तेथील अनेक कुटुंबांना क्रोशाच्या लेसने उत्पन्नाचा आधार दिला. भारतात ख्रिस्ती मिशनऱ्यांमुळे तिचा प्रसार झाला आणि आंध्र प्रदेशातील नरसापूर हे तिचे मोठे केंद्र बनले.

किनारीची पहिली फेरी साधी असते. सुईवर एक फास असताना ती फुलाच्या कडेच्या टाक्यात घालून दोरा ओढून घेतला आणि पुन्हा दोरा घेऊन तो दोन्ही फासांतून एकदम काढला, की मुका खांब तयार होतो. अशा मुक्या खांबांची ओळ फुलाभोवती फिरवली, की सैल साखळ्या आवळल्या जातात आणि पुढच्या नक्षीला एकसारखा पाया मिळतो. फूल चौकोनी असल्यास कोपऱ्याच्या एकाच टाक्यात तीन मुके खांब घालतात, अन्यथा कोपरा आत ओढला जातो.

गोल फुलाच्या बाबतीत टाके वाढवण्यामागे भूमितीचा साधा नियम आहे. त्रिज्या 1 सेंटिमीटरने वाढली, की परीघ सुमारे 6.28 सेंटिमीटरने वाढतो, मग मूळ फूल लहान असो वा मोठे. मुक्या खांबाची उंची साधारण त्याच्या रुंदीइतकी असल्याने सपाट फेरीत सुमारे सहा टाके वाढवावे लागतात. सुईवर आधी दोऱ्याचा वेढा घेऊन विणलेला उंच खांब त्याच्या जवळजवळ दुप्पट असल्याने तेथे वाढ बाराच्या आसपास जाते. वाढ कमी पडली तर काठ वाटीसारखा वर उचलला जातो आणि जास्त झाली तर त्याला झालर पडते.

यानंतर शिंपल्यांची फेरी घेता येते. एक मुका खांब, दोन टाके सोडून पुढच्या एकाच टाक्यात पाच खांब, पुन्हा दोन टाके सोडणे, असा हा क्रम सहा टाक्यांचा असतो; म्हणून पायाच्या फेरीत 72 टाके असल्यास बरोबर 12 शिंपले बसतात, आणि 70 च असल्यास दोन टाके एकमेकांपासून दूर वाढवून घेतात. शिंपल्याच्या मधल्या खांबावर तीन साखळ्या घालून त्या त्याच जागी अडकवल्या, की पिको नावाचे टोकदार बोंड उमटते.

दोरा फुलाच्या दोऱ्याइतका किंवा त्याहून थोडा बारीक घ्यावा आणि रंगीत दोऱ्याचा रंग उतरतो का, हे आधी तुकडा भिजवून पाहावे. विणून झाल्यावर काम ओले करून, प्रत्येक टोक टाचणीने ताणून सपाट वाळवले, की नक्षी उठून दिसते. क्रोशे शिकवताना नमुन्यासोबत टाक्यांच्या संख्येमागचे कारणही शिकवले जावे, कारण ते उमगलेली विणणारी कोणत्याही फुलाला स्वतःच्या कल्पनेची किनार देऊ शकते आणि छापील नमुन्यावर अवलंबून राहत नाही.